सोन्याचं पाणी

ढवळवाडीतल्या एकाही माणसाने कधी विमानात पाय ठेवला नव्हता. पण विमानतळाबद्दल सगळे असे बोलत, जणू धावपट्टी त्यांच्या मामाच्या शेतातूनच जाते. त्याला कारणही तसंच होतं. पलीकडच्या जिल्ह्यातलं विमानतळ मोठं करायचं ठरलं आणि वाढीव धावपट्टीसाठी लागणारी खडी ढवळवाडीच्या टेकडीतून निघायला लागली. टेकडीला खदान लागली, शेजारी खडी फोडायचं क्रशर बसलं, आणि रोज शिट्टी वाजवून सुरुंग उडवले जाऊ लागले. भिंतींना तडे गेले. ज्वारीच्या पानांवर पांढरी भुकटी बसली. म्हातारी माणसं खोकून खोकून बेजार झाली. पण घरोघरच्या पोरांना काम मिळालं होतं, तेव्हा तोंड उघडायचं कोणी?

सगुणाबाईचा मुलगा कचरू त्याच खडीचा डंपर चालवायचा. सगुणाबाई स्वतः गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना न्हाऊ-माखू घालायची. घर मराठ्याचं असो की मुसलमानाचं, लेकरू जन्मलं की आधी तिला बोलावणं यायचं. ह्या कामाचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नव्हती.

२००६ सालच्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींनी तळ गाठला. सुरुंगांनी जमिनीतले झरे कुठल्या कुठे वळले होते, आणि खदानीच्या खड्ड्यात मात्र पुरुषभर पाणी साचलं होतं. सगुणाबाईने ठेकेदाराच्या मुनिमाला, पुंजारामला, गाठलं आणि चार शब्द सुनावून खदानीपासून पारापर्यंत नळी टाकून घेतली. पाणी काचेसारखं नितळ होतं. त्याला ना वास, ना गढूळपणा. बायकांनी तिला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्याच सुमारास तिची सून उषा बाळंत झाली. मुलगी झाली, गोरीपान. पण उषाला ताप भरला आणि तिचं दूध आटलं. लेकरू वरच्या दुधावर आलं. सगुणाबाई डगमगली नाही. तिच्या सासूने तिला एक गोष्ट शिकवली होती. पातेल्यात पाणी घ्यायचं, त्यात गळ्यातल्या पोतीतला सोन्याचा मणी टाकायचा आणि पाणी अर्धं होईपर्यंत आटवायचं. हे सोन्याचं पाणी दुधात घालून पाजलं की लेकरू बाळसं धरतं. गावातली निम्मी पोरं त्या मण्याच्या पाण्यावर वाढली होती.

ही नात मात्र धरेना. आधी तिचे ओठ काळसर दिसले. सगुणाबाईला वाटलं, काजळ पुसलं गेलं असेल. मग नखं निळी झाली. पोर रडायची थांबली आणि नुसती धापा टाकायला लागली, तेव्हा कचरूने तिला जीपमध्ये घालून जुन्या जालन्यातल्या लेकरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. हृदयाला भोक असेल अशी त्यांना शंका होती, पण तपासणीत तसं काही निघालं नाही. दवाखान्यात ठेवलं, तिथलंच दूध पाजलं, तसतशी पोर गुलाबी होत गेली. घरी आणली तेव्हा सगुणाबाईने दारातच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आठवडा झाला नाही तोच ओठ पुन्हा निळे पडले.

ह्या खेपेला सगुणाबाई स्वतः सुनेबरोबर गेली. निघण्याआधी तिने शेजारच्या इमामबीच्या हातात सोन्याचा मणी ठेवला. इमामबीची सून ताहेरा क्रशरवर भुकटी झाडायला जायची आणि तिचं तान्हं लेकरू दिवसभर आजीपाशी बाटलीवर असायचं. तेही मलूल होतं. त्याला बराबर अर्धं आटवून पाज, असं सगुणाबाईने बजावलं.

डॉक्टरांनी पोरीला पाहिलं, भराभर एक निळं इंजेक्शन दिलं आणि ती सावरू लागल्यावर सगुणाबाईला समोर बसवलं. घरी काय पाजता, असं त्यांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. खदानीचं पाणी, पातेलं, मणी. आपली काळजी डॉक्टरांना दिसावी म्हणून ती म्हणाली, "कच्चं पानी तिच्या तोंडाला लागू दिलं न्हाई, साहेब. पहिल्या खेपेवरून आल्यापासून तर मी जास्तच आटवून राह्यले."

 डॉक्टरांनी विचारलं, "आजी, मीठ टाकलेलं पाणी आटवलं तर खारटपणा जातो का?"

"न्हाई. वाढतो."

"मग तसंच झालंय. उकळून जंतू मरतात. पण सुरुंगाच्या दारूतलं जे पाण्यात विरघळतं, ते जात नाही. पाणी आटलं की ते आणखी घट्ट होतं. मोठ्यांना ते पचतं, तान्ह्या लेकराच्या रक्ताला पचत नाही. मी पाणी तपासायला पाठवतो, पण मला दुसरं कारण दिसत नाही. बरं झालं, वेळेवर आणलंत."

सगुणाबाईचा हात गळ्याकडे गेला. पोतीत मणी नव्हता. तो ती इमामबीच्या हातात देऊन आली होती.

उषाला तिथेच ठेवून ती निघाली. जीपवाला सीटं भरल्याशिवाय हलेना. ती विनवण्या करून थकली, मग शिव्या द्यायला लागली, तेव्हा कुठे त्याने गाडी काढली. गावच्या फाट्यापासून समोरून खडीचे डंपर एकामागे एक विमानतळाकडे चालले होते आणि त्यांच्या धुळीत जीप बैलगाडीच्या चालीने सरकत होती. सगुणाबाईला एरवी हे डंपर पाहून बरं वाटायचं, त्यातला एक आपल्या पोराचा म्हणून. आज तिला त्यांच्याकडे बघवेना. आपणच नळी आणली. आपणच मणी दिला. ती पदराचं टोक तोंडात धरून बसली होती.

इमामबीच्या घरात चुलीवर पातेलं होतं. मणी तळाशी खडखड वाजत होता.

"आल्या का? पोरगी कशी हाय?" इमामबी हसून म्हणाली. "तुम्ही अर्धं म्हनल्त्या, मी चौथाई होईपर्यंत आटवून राह्यले. कमजोर हाय ना लेकरू. पन आता लई शाना झालाय. सकाळपासून रडलाच न्हाई."

सगुणाबाईने पाळण्यातलं फडकं बाजूला केलं आणि लेकराची मूठ उघडली. नखं पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली होती.

तिने पातेलं पायाने लवंडलं, लेकराला उचललं आणि रस्त्याकडे धावली. मागून इमामबी, क्या हुआ, क्या हुआ, म्हणत अनवाणी आली. वळणावर कचरूचा डंपर भरून येत होता. सगुणाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कचरूने करकचून ब्रेक लावला आणि खाली डोकावून म्हणाला की माल संध्याकाळच्या आत धावपट्टीवर पोचवायचा आहे, पुंजाराम आधीच डाफरून राह्यला. मग त्याला आईच्या हातातलं लेकरू दिसलं.

"खडी इथंच टाक," ती म्हणाली, "आन जालन्याकडं वळव."

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. खडीचा ढीग रस्त्याच्या कडेला ओतला गेला, मागच्या डंपरांनी भोंगे वाजवले, आणि रिकामा डंपर जालन्याच्या दिशेने धावू लागला. वरून एक विमान खाली उतरत विमानतळाकडे गेलं. कोणी मान वर केली नाही.

केबिनमध्ये सगुणाबाईने लेकराला छातीशी धरलं होतं. त्याचा श्वास चालतो की नाही हे ती गाल लावून सारखं बघत होती. शेजारी इमामबी रडत होती. "पानी तर इतकं आटवलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "जरा बी कच्चं दिलं न्हाई. मंग असं कसं झालं, सगुणाबाई?"

सांगितलं नाही तरी चाललं असतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलंच असतं. पण सगुणाबाईला ते गिळता आलं नाही.

"पान्यानंच झालं, इमामबी. त्यात सुरुंगाची दारू उतरलीय. आटवलं का ती वाढती. पानी गावात मीच आनलं, आन आटवायला बी मीच शिकवलं."

इमामबीचं रडणं थांबलं.  डंपर एका खड्ड्यात आदळला, लेकरू क्षीणसं कण्हलं, आणि इमामबीने हात पुढे करून ते सगुणाबाईच्या कुशीतून काढून घेतलं.

सगुणाबाईने हात मांडीवर ठेवले. गावातलं एकही लेकरू आजवर कोणी तिच्या हातातून असं काढून घेतलं नव्हतं.