आई डाव्या बाजूने बसते

इटलीत, जेनोवातल्या गल्ल्या त्या उन्हाळ्यात रोज थोड्याथोड्या अरुंद होत होत्या. बंदराकडे उतरताना डाव्या हाताला जी घरं लागतात ती पुढे सरकत होती. उजव्या हाताची जागच्या जागी होती. मी उजवीकडे राहत होते, त्यामुळे सुरुवातीला मी फारसं मनावर घेतलं नाही.

आधी मोटारी अडकल्या. ज्या चौकात उभ्या होत्या तिथेच राहिल्या, आणि मालकांनी त्यांच्यात टोमॅटोची रोपं लावली. मग मोठ्या मोटारसायकली बंद झाल्या. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वारले तेव्हा त्यांची शवपेटी उभी करून न्यावी लागली. त्यांची मुलगी पुढे चालत होती आणि प्रत्येक वळणावर वडिलांना 'जपून' म्हणत होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रुंदी कमी होईल तशी गल्लीची लांबी वाढत होती. शेवई वळताना बारीक होते तशी लांब होते, तसंच ते होतं. मी बंदरावर जहाजांच्या विम्याच्या कचेरीत काम करते. पूर्वी घरातून निघताना तोंडात टाकलेली लवंग चावून संपायच्या आत मी टेबलापाशी असायचे. आता सकाळी निघालेली माणसं संध्याकाळी पोचत होती, तीही धडधाकट असतील तर. शेवटी कचेरीने मला घरूनच काम करायला सांगितलं.

त्यातच आई माझ्याकडे राहायला आलेली. मिरजेहून ती आली तेव्हा गल्लीतून टॅक्सी येत होती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे ती दिवसभर खिडकीत खुर्ची टाकून बसायची. समोरचं घर तिच्या रोज जवळ येत होतं. डावीकडच्या लोकांची स्वयंपाकघरं मोठी होत चालली आहेत, असं बाजारात ऐकू यायचं. गल्लीतली जागा कुठेतरी जायलाच हवी. समोरच्या बाईने मला सांगितलं होतं की त्यांच्या मागच्या भिंतीत एक खोली निघाली आहे आणि तिथला वास तिच्या ओळखीचा नाही. त्यानंतर ती बाजारात दिसली नाही. डावीकडचं कुणीच दिसेनासं झालं.

"समोर कुणीतरी कांदा-खोबरं भाजतंय," आई एकदा म्हणाली.

मी म्हटलं, इथे कोण भाजणार. तिला घरी जायचं होतं. ते ती रोज सांगायची आणि रोज पुढे विचारायची, तू पण चल की. मी कामाचं कारण सांगायचे. विमानतळाची बस बंदरावरून सुटते, तिथवर तुला पोचवते आणि परत येते, असं मी तिला कबूल केलं होतं. त्यासाठी एक गाडी हवी होती, इंजिन असलेली, पण बारीक. म्हणून मी, जिने आयुष्यात गिअरची गाडी चालवली नव्हती, मोटारसायकल घ्यायला निघाले.

वरच्या चौकात ओर्नेला पारोदीचं दुकान होतं. ओर्नेला माझ्याच वयाची, भिंतीला पाठ लावून चालायची सवय झालेली. माझ्या परवान्यावर एकशे पंचवीस सीसीपर्यंतची गाडी चालत होती, त्यामुळे मोठ्या गाड्यांकडे बघण्यात अर्थ नव्हता. त्या तिने माळ्यावर टांगल्या होत्या. लहान गाड्या एका मागे एक उभ्या होत्या. इंजिन कसलं, टाकीत किती मावतं, रंग कोणता, यातलं तिने काहीच सांगितलं नाही. तिने गळ्यातली टेप काढली, माझे खांदे मोजले आणि मग एकेका गाडीचं हँडल मोजत गेली. हिरवी मला फार आवडली होती. ती कालपर्यंत गल्लीत बसली असती, असं ओर्नेला म्हणाली.

उरल्या दोन. एक काळी, एकाच माणसाची. दुसरी निळी, मागे सीट असलेली, आरसे कापून टाकलेली.

"एकटीसाठी घेतलीस तर हा महिनाभर गल्लीतून जाईल," ती म्हणाली. "दोघांसाठी घेतलीस तर फक्त आजचा दिवस. मागे कोण बसणार?"

"आई."

"रुंदीला किती आहे?"

"माझ्याएवढीच," मी म्हणाले.

तिने टेप परत गळ्यात टाकली. काळ्या गाडीवर मी एकदा बसून पाहिलं, हे कबूल करायला हरकत नाही. ती मला अंगावर बेतलेल्या झंपरासारखी बसली. उतरायला मला थोडा वेळ लागला. मग मी निळी घेतली.

गाडी शिकायला त्या गल्लीसारखी जागा नाही. पडायची सोयच नव्हती. तोल गेला की एका बाजूची नाहीतर दुसऱ्या बाजूची भिंत सावरायची. क्लच सोडताना गाडी दोनदा मेली, तिसऱ्यांदा निघाली, आणि मी घरापर्यंत आले ते मोठ्याने हसत. इतका आनंद मला त्या शहरात कधी झाला नव्हता. माझे वडील, अण्णा, असते तर त्यांना फोन केला असता.

इमारतीच्या अंगणात मी गाडी फिरवून बंदराकडे तोंड करून उभी केली. आई जिना उतरून आली. बॅग तिने वरच ठेवली होती, सोबत फक्त कापडी पिशवी. तिने गाडीच्या दिव्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि बसली. पाय डावीकडे सोडून, एका बाजूने, पिशवी मांडीवर घेऊन.

गाडी मोजली होती. खांदे मोजले होते. एका बाजूने बसलेल्या बाईचे गुडघे कुणी मोजले नव्हते. ओर्नेलाच्या डोक्यात ते येण्याचं कारण नव्हतं. तिच्याकडे तसं कुणी बसत नाही. माझ्या डोक्यात यायला हवं होतं. अण्णांच्या गाडीवर मी टाकीवर बसायचे, आणि आई मागे अशीच असायची, जन्मभर, गुडघे डावीकडे, पावलं हवेत.

"आई, दोन्हीकडं पाय टाकून बस."

"गुडघा वळत नाही गं तेवढा."

मग मी तिला उजवीकडे पाय सोडायला सांगितलं. उजवीकडची घरं हलत नव्हती, त्यांच्या कडेला पायऱ्या होत्या, खाचा होत्या, गुडघ्यांना तिथे वाव मिळाला असता. आई उतरली, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि बसली. मला मागे कुणी परकी बाई बसल्यासारखं वाटलं. तिचा हात माझ्या खांद्यावर येत नव्हता, नुसता हवेत चाचपडत होता. मग ती खाली उतरली.

"त्या बाजूनं बसलं की पुढं कोण बसलंय तेच कळत नाही मला," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. एवढ्याशा गोष्टीवर सगळं अडलं होतं, आणि उद्या तर ही गाडीही निघणार नव्हती. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा राग दिसला, आणि तरी ती परत डावीकडेच गेली. यावेळी हात बरोबर खांद्यावर पडला. अण्णांच्या वेळी तिने खांद्यावर एकदा थोपटलं की निघायचं, दोनदा थोपटलं की थांबायचं. तिने एकदा थोपटलं. मी निघाले.

गल्लीत शिरताना हँडलच्या दोन्ही टोकांना बोटभर जागा होती. आईचे गुडघे भिंतीला लागत नव्हते, पण पदर घासत होता, त्याचा आवाज येत होता. मी पहिल्या गिअरमध्येच होते. वर पाहिलं तर आभाळाची पट्टी साडीच्या काठाएवढी होती. समोर, फार लांब, बंदराचा उजेड दिसत होता. आम्ही जितकं पुढे जात होतो तितकाच तो लांब राहत होता. थोड्या वेळाने तो किंचित मोठा दिसू लागला. आपण पोचणार, असं मला वाटलं. आईला मी तसं सांगितलंही.

मग तिची एक चप्पल पडली. ती म्हणाली, असू दे. मला मान वळवता येत नव्हती, खांद्यांना जागाच नव्हती. वेग दाखवणाऱ्या काट्याच्या काचेत मात्र मला ती थोडी दिसत होती. ती घाबरलेली नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि दारं बघत होती. डावीकडचं प्रत्येक दार तिच्या समोरून जात होतं, अगदी हाताच्या अंतरावरून. मी फक्त समोर बघू शकत होते. त्या गल्लीत आम्हा दोघींनी सारखं काही पाहिलं नाही.

कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला. मलाही आला, त्यात शंका नाही.

आईने खांद्यावर दोनदा थोपटलं.

"थांबता येणार नाही," मी म्हणाले. "थांबलो तर परत निघता येणार नाही. बंदर आलंच."

तिने पुन्हा दोनदा थोपटलं. अण्णा नेहमी थांबायचे. रस्ता कसाही असो, मागून ट्रक येत असो, तिने थोपटलं की थांबायचे. माझा हात क्लचवर गेला, पाय ब्रेकवर, आणि गाडी थांबली. इंजिन मी बंद केलं नाही.

डावीकडचं दार आतल्या बाजूला उघडलं. काचेत मला शहाबादी फरशीचा एक तुकडा दिसला, त्यावर दुपारचं ऊन, आणि खुंटीला लावलेली छत्री. छत्रीची मूठ अण्णांनी दोऱ्याने गुंडाळली होती. ती मला ओळखू आली. आई घाई न करता उतरली. दोन्हीकडे पाय टाकून बसलेलं माणूस तिथे उतरूच शकलं नसतं. एका बाजूने बसणाऱ्या बाईला नुसतं उभं राहायचं असतं. ती उभी राहिली ती उंबऱ्याच्या आतच.

मागचं वजन गेल्यावर गाडी थोडी वर आली. मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात हँडलवरून काढणं शक्य नव्हतं.

"आई, बस सुटेल."

"कुठली बस?" ती आतून म्हणाली. मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मिरजेला आमच्या घराच्या फाटकापाशी उतरल्यावर अण्णांना ती जे सांगायची, तेच ती तशाच आवाजात मला म्हणाली, "गाडी लावून ये. मी पुढं होते."

ती आत गेली. एका पायात चप्पल, एका पायात नाही, असा तिच्या पावलांचा आवाज मी ऐकला. समोरचा उजेड आता दोऱ्याएवढा झाला होता. डावी भिंत माझ्या गुडघ्याला टेकली, थंड नव्हती, चुलीमागच्या भिंतीसारखी कोमट होती. उजवीकडची जिथे होती तिथेच होती. दार अजून उघडं होतं. आत ओट्यावर कप ठेवल्याचं ऐकू आलं, एक, आणि जरा वेळाने दुसरा.

मी इंजिन बंद केलं. डाव्या पायाने चाचपून स्टँड खाली ढकलला. तो अर्धा उघडला आणि भिंतीला लागला.