घासलेली टाकी

सोमवारी सकाळी माझ्या पन्हळीतलं लेट्यूस पिवळट दिसलं. शेजारच्या पन्हळी हिरव्यागार होत्या. हुइबमामाच्या काचघरात माती नाही, मुळं वाहत्या पाण्यात असतात. त्या पाण्यात मामा विकतचे क्षार घालतो, सामू, म्हणजे पीएच, उतरवायला नायट्रिक आम्ल. माझ्या एकाच पन्हळीला कालव्याच्या बांधावरच्या गवताचा आंबवलेला रस आणि सायट्रिक आम्ल. तीन आठवड्यांनी दहा गड्ड्यांची सरासरी दोनशे ग्रॅम भरली नाही, तर ही पन्हळही क्षारांवर जाणार, असं ठरलं होतं.

"वागेनिंगेनच्या शेती विद्यापीठात पाच वर्षं शिकलीस, हिल्के, ती गवताचं सूप करायला?" मामा म्हणाला. "गाईला पाज. ती निदान दूध देईल."

"तीन आठवडे आहेत अजून."

मी पाणी तपासलं. अमोनियम भरपूर, नायट्रेट शून्य. शुक्रवारी ते चाळीस होतं. गवताच्या रसातला नायट्रोजन जीवाणू मोडतात, त्याचं नायट्रेट करतात, तेव्हा तो रोपांच्या कामी येतो. मग जीवाणू गेले कुठे?

पन्हळीला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र.

"मामा, शनिवारी माझी टाकी घासलीस?"

"मग? कॉफी झाली की सगळ्याच घासतो, पेरॉक्साइड घालून. तुझी आजवर राहिली होती, म्हणून सगळ्यात घाण होती, दोनदा घासली."

"ती घाण नव्हती. ते माझे कामगार होते!"

"मग टाकीवर तसं लिहायचंस."

पन्हळीतलं पाणी टाकीत परत आणणाऱ्या नळीच्या वळणात मामाचा ब्रश वळत नाही. तिथे बोटभर तपकिरी, बुळबुळीत थर उरला होता. तो जाळीत बांधून टाकीत सोडला. पाण्यात सोडायची हवा वाढवली, रस निम्मा केला. सायट्रिक आम्लही जीवाणू खाऊन टाकतात, सामू पुन्हा चढतो. म्हणून ते दिवसातून तीनदा, थोडं थोडं. रोज सकाळी सातला मोजणी. शून्य. शून्य. शून्य. चौथ्या दिवशी पाच.

शनिवारी कॉफीनंतर मामा ब्रश घेऊन आला. मी झाकणावर बसले होते.

"ऊठ."

"नाही."

"वास येतोय."

"येऊ दे."

तो पुढच्या टाकीकडे गेला.

नवव्या दिवशी नायट्रेट तीस झालं, आणि मी आम्ल न घालताही सामू आपोआप उतरला. जीवाणू कामाला लागल्याची ती खूण.

ठरल्या दिवशी मामाने काटा आणला आणि सगळ्यात लहान गड्डा शोधून त्यावर ठेवला. एकशे शहाण्णव.

"चार कमी."

"सरासरी ठरलीय. अजून नऊ ठेव."

त्याने ठेवले. शेवटचा उचलून त्याने पुन्हा एकदा तोलला. सरासरी दोनशे अकरा.

मामाने खिशातलं जाड पेन काढलं आणि माझ्या टाकीवर लिहिलं: घासायची नाही.