बाबांचा हात

निळा सदरा. डावी बाही कोपरापाशी विरलेली, बाकी सदरा धडधाकट.

सरळपणा तपासायच्या लेव्हलमधला हिरवा बुडबुडा, दोन रेघांच्या बरोबर मधोमध.

बारा पावलं.

“दादा, आमच्या बाबांचा हात करून द्याल का?”

हे विचारणारी बाई दुकानाच्या दारात उभी होती, काखेत तो सदरा. वेल्डरनं काच कपाळावर सरकवली. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, सगळं त्यानं केलं होतं. हात कुणी मागितला नव्हता. बाजारात त्याला सगळे ओळंबा म्हणत, कारण त्याच्या हातून वाकडं काही उतरत नसे.

बाई म्हणाली, आईला पहिल्यापासूनच जवळजवळ दिसत नाही. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत बोळ आहे, बारा पावलांचा. जन्मभर ती बाबांचा डावा कोपर धरून चालली. बाबा गेल्यापासून दोनदा पडली. “काठी नको, माणूस नको म्हणते. तिसऱ्यांदा पडलीस तर माझ्याकडे नेईन, असं मी तिला बजावलंय. तिला घर सोडायचं नाहीये हो.”

ओळंब्याच्या बायकोनं ग्राइंडर बंद केला. बाही हातात घेऊन तिनं विरलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. “घ्या हे काम,” ती नवऱ्याला म्हणाली. “गेट काय, रोजचीच आहेत.”

त्यानं बाहीत मावेल असा, हाताच्या जाडीचा पाइप निवडला. बाबांच्या कोपराची उंची मुलीनं स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून दाखवली. बोळाच्या दोन्ही भिंतींना एकेक पाइप बसवला, म्हणजे जाता-येता तो आजींच्या उजव्या हाताला येईल. बुडबुडा मधोमध. तसूभर फरक नाही.

आजींनी पाइप धरला. एक पाऊल, दोन, तीन, आणि तोल गेला. मुलीनं सावरलं.

“हे ते नव्हेत,” आजी म्हणाल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या.

मुलीचा चेहरा पडला. ओळंब्याचाही पडला, पण रागानं. त्यानं पुन्हा लेव्हल लावली. “बघा! कुठे आहे खोट?”

“राहू द्या ती बुडबुड्याची बाटली,” बायको म्हणाली. “आजी, यांचा कोपर धरून चाला बरं जरा.”

आजी उठल्या. दोन पावलांतच वैतागल्या. “अरे बाबा, काठी गिळल्यासारखा काय चालतोस? जरा लंगड की!”

मग मुलीनं कपाळावर हात मारला. “बाबांचा डावा पाय आखूड होता. सांगायचंच राहिलं. आम्हाला ते दिसेनासंच झालं होतं.”

मग ओळंबा लंगडला. बायको खडू घेऊन मागून चालली, त्याच्या कोपराची उंची भिंतीवर पावलागणिक टिपत. दर दुसऱ्या पावलाला खूण खाली.

“इतकं नको,” आजी म्हणाल्या. “ते काही नाटकातले लंगडे नव्हते.”

“अहो, आता बरं जमतंय,” बायको हसू दाबत म्हणाली. “घरीही असेच चाला, निदान मला गाठता येईल.”

चेपू नयेत म्हणून पाइपांत वाळू भरून, तापवून, त्यानं दोन्ही पाइप खुणांबरहुकूम वाकवले. एकेक बाक दिला की तो नजर दुसरीकडे वळवत होता. समोरच्या दुकानदारानं विचारलंच, “काय रे ओळंब्या, डोळे तपासून आलास का?” त्यानं पुढचा बाक दिला.

पाइप बसले. आजींनी उजवा हात ठेवला. हात खाली गेला, वर आला, खाली गेला, आणि पावलं त्याच्यामागे निघाली. अर्ध्या बोळात त्यांनी हात सोडला, डोळ्यांवर आलेले केस मागे सारले. मुलगी पुढे झेपावली. आजींनी न चाचपडताच हात टेकवला; पाइप तिथेच होता.

“थांबलात होय,” त्या हळूच म्हणाल्या, आणि उरलेली पावलं चालून गेल्या. येताना दुसऱ्या भिंतीनं आल्या.

ओळंब्याचा हात सवयीनं खिशातल्या लेव्हलकडे गेला होता. तो तसाच खिशात राहिला.

लग्न ठरलं तेव्हा, नवरा लंगडतो हे आजींना कुणी सांगितलं नव्हतं; पहिल्यांदा कोपर धरला तेव्हा ते त्यांच्या हाताला कळलं होतं.