राज्याची घटना, देशाची घटना

जोथम टलनं शेजारच्या राज्यातल्या सिनसिनाटीला जाऊन केझायाशी लग्न केलं आणि तिला आपल्या गावी आणलं, त्याला जेमतेम एक उन्हाळा लोटला होता. ओहायो नदीच्या उत्तर तीरावरचं ते गाव डुकराच्या मांसाच्या धंद्यावर जगायचं. थंडी पडली की कत्तल सुरू व्हायची आणि खारवलेलं मांस भरायला ओकची पिंपं लागायची. जोथम ती बनवायचा, आणि त्याची पिंपं कधी गळत नसत. गावातल्या दुसऱ्या पिंपवाल्याला, ऑरिन स्वेझीला, नेमकं तेच खुपत होतं.

जोथम काळा होता, पण याच गावात स्वतंत्र जन्मलेला. राज्याची नवी घटना झाली तेव्हा आधीपासूनचा रहिवासी म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. मात्र त्याच घटनेत एक कलम होतं: यापुढे बाहेरचा कुणी काळा माणूस या राज्यात राहायला यायचा नाही, आला तर त्याच्याशी झालेला करार रद्द, आणि त्याला ठेवून घेणाऱ्याला दंड. दंड भरता आला नाही तर तुरुंग. कलम सगळ्यांना ठाऊक होतं, वापरत कुणी नव्हतं. स्वेझीनं वापरलं. शेरीफ डॉब्स दारात आला तेव्हा केझाया मक्याची भाकरी भाजत होती. तो ती खाऊनच गेला, आणि जाताना दोघांना कोर्टात हजर राहायला सांगून गेला.

प्रेंटिस नावाचा गोरा तरुण वकील आपणहून धावून आला. मनाचा चांगला होता. फक्त स्वतःच्या आवाजावर त्याचं फार प्रेम होतं.

"घाबरू नकोस रे जोथम," तो म्हणाला. "देशाची घटना काय म्हणते? कायद्याच्या रीतीशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. आपल्या राज्याची काय म्हणते? सगळी माणसं समान जन्मली. सख्ख्या बहिणी आहेत दोघी. एकीनं दार लावलं तर दुसरी उघडेल."

"आणि दोघींनी लावलं तर?" केझायानं विचारलं.

प्रेंटिस हसला. "बाई, तुम्ही फार विचार करता."

सुनावणीला अख्खं गाव लोटलं. प्रेंटिसनं दोन हातांत दोन घटनांच्या पुस्तिका धरल्या आणि एकीतलं वाक्य वाचून लगेच दुसरीतलं त्याच अर्थाचं वाक्य वाचून दाखवत गेला. धर्माचं स्वातंत्र्य, बोलण्याचं स्वातंत्र्य, घरात विनाकारण शिरायची मनाई, सगळं जोडीजोडीनं. जोथमच्या छातीत काहीतरी हलकं झालं. आपण इतक्या गोष्टींचे धनी आहोत, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

न्यायाधीश क्रॉदर्स शांतपणे ऐकत होते. मग गोड आवाजात म्हणाले, "छान बोललात, प्रेंटिस. मला अगदी पटलं. दोन्ही घटना एकाच अर्थाच्या आहेत. पण याच वसंतात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की देशाच्या घटनेत 'लोक' म्हणजे ही काळी माणसं नव्हेत. आता तुम्हीच इतक्या मेहनतीनं सिद्ध केलंत की आपली घटना तिच्यासारखीच आहे. मग इथं तरी 'लोक' म्हणजे ही माणसं कशी असतील?"

कोर्टात हशा पिकला. स्वेझी मांड्यांवर थापा मारत होता.

प्रेंटिसचा चेहरा पडला. तो जोथमच्या कानाशी वाकला. "आता एकच वाट आहे. ती तुझी कुणी नाही असं सांग. ठेवून घेतलंच नाही, तर दंड कसला? तिला फार तर राज्याबाहेर जायला सांगतील. ती आपल्या मावशीकडे सिनसिनाटीला जाईल, मागाहून तू जा. तुरुंगात बसून तिच्या काय कामाचा तू?"

जोथमनं केझायाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

"जोथम टल, शपथेवर सांग, ही बाई तुझी कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

"मोठ्यानं बोल."

"माझी कुणी नाही!"

तेव्हा केझायानं मान वळवली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं नुसतं पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

जोथम सुटला. केझायानं ताबडतोब राज्य सोडावं, असा हुकूम झाला. तिनं शाल सावरली आणि पूर्वेच्या रस्त्याला लागली, तर डॉब्सनं तिचा हात धरला.

"तिकडे कुठे? सिनसिनाटी लांब आहे. सगळ्यात जवळची हद्द ही समोर." त्यानं नदीकडे बोट केलं. पलीकडे केंटकी होतं. गुलामांचं राज्य.

"ती स्वतंत्र आहे!" प्रेंटिस ओरडला. "तसा दाखला सिनसिनाटीला तिच्या मावशीकडे आहे. तिकडे तिला पळालेली गुलाम समजून पकडतील!"

"हुकमात दिशा लिहिलेली नाही, वकीलसाहेब."

जोथम गर्दी फोडत धक्क्यावर पोचला तेव्हा तिला नावेत बसवलं होतं. "सोडा तिला! माझी बायको आहे ती!"

डॉब्स वळला. "आत्ताच शपथेवर काय सांगितलंस? खोटी शपथ म्हणून तुला आत टाकू?" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "अरे, पोहत जा मागोमाग!"

आणि जोथम थांबला. तिथंच, काठावर. मागोमाग गेला असता तर पलीकडे त्यालाही साखळी पडली असती, हे खरं. पण त्या क्षणी त्यानं हा विचार केला नव्हता. त्याचे पाय नुसते थांबले. नाव निघाली. केझाया पाठमोरी बसून राहिली.

पलीकडच्या तुरुंगात तिला ठेवलं. मालक कुणी पुढे आला नाही, तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे तिचा लिलाव झाला. मावशीनं पाठवलेला पाद्री सिनसिनाटीहून दाखला घेऊन पोचला तोवर तिला दक्षिणेकडे नेलं होतं. कुठे, ते विकणाऱ्यालाही सांगता येईना.

ही बातमी कळली त्याच सकाळी जोथम कोर्टात गेला आणि न्यायाधीशांसमोर उभा राहिला.

"साहेब, मी खोटी शपथ घेतली. ती माझी बायको होती. मला शिक्षा द्या. पण ती माझी बायको होती असं कुठंतरी लिहून ठेवा."

क्रॉदर्सनी त्याच्याकडे जवळजवळ मायेनं पाहिलं. "अरे, लग्न हाही करारच. घटनेप्रमाणे तुझं लग्न पहिल्या दिवसापासून रद्दच होतं. म्हणजे ती तुझी कुणी नव्हती. तू खरंच बोललास. शिक्षा कशाची देऊ?"

"पण साहेब..."

"जा. कामाला लाग. कत्तलीचे दिवस आहेत, पिंपांची ओरड चाललीये."

शिपायानं त्याला कोपराला धरून बाहेर नेलं. जोथमनं त्याला विनवलं, "निदान मला मारा तरी."

शिपायानं दार लावून घेतलं.