पुसलेलं पातं

त्या पत्राला मी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. मी मांसाचे काप करून देत असे, त्या दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. वर ‘काप करून देणारे चष्मेवाले काका’ एवढंच. आत लिहिलं होतं, ‘सातव्या महिन्यात, दिवाळीआधीच्या शनिवारी, तुमच्याकडचे शिजवलेल्या मांसाचे थंड काप खाल्ले. पुढे ताप आला, बाळ पोटातच गेलं. डॉक्टर म्हणतात, खाण्यातले जंतू. एवढंच सांगा, त्या शनिवारी काप करायचं यंत्र धुतलेलं होतं का?’

नव्हतं. रोज दुकान बंद करताना यंत्राचं पातं सोडवून कढत पाण्यानं धुवायचं, हा नियम. त्या शुक्रवारी मी ते फडक्यानं नुसतं पुसलं. घरी जाऊन कादंबरीची शेवटची वीस पानं वाचायची घाई होती.

गेल्या मंगळवारी मुलगी स्वयंपाकघरात उभ्यानंच पाकिटातले गार काप खात होती. तिलाही सातवा लागला आहे.

“किती खाल्लेस?”

“मोजून खातात का, बाबा? नातवंडाच्या घासावर डोळा ठेवू नका.”

“गरम केलेस?”

“शिजवलेलेच असतात की. शिवाय फ्रीजमधले आहेत.”

“अगं, ते जंतू फ्रीजमध्येही वाढतात!”

माझा आवाज चिरकला. तिचा हात पाकिटातच राहिला.

दवाखान्याचा नंबर लावताना मी दोनदा चुकलो. नर्सबाई शांत होत्या. “ताप? अंगदुखी? बाळ कमी हलतंय? नाही ना, मग आज औषध नको. पण दोन महिने लक्ष ठेवा. ताप आला तर त्याच दिवशी घेऊन या. आणि यापुढे वाफ निघेपर्यंत गरम केल्याशिवाय एक तुकडाही नाही.”

दोन महिने! मी दिवसातून चारदा थर्मामीटर घेऊन तिच्यापुढे उभा राहू लागलो. रविवारी तिनं तो काढून टेबलावर ठेवला.

“बाबा, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय. काय झालंय?”

मी पत्र आणून दिलं. वाचता वाचता तिचा एक हात पोटावर गेला.

“धुतलं होतं ना?”

“नाही.”

तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, “मला सांगितलंत. त्यांना?”

“काय लिहू? तेवढ्यानंच झालं का, कुणाला ठाऊक.”

“मग तेच लिहा.”

तीन कागद फाडले. सगळी वाक्यं पुस्तकी येत होती. चौथ्यावर लिहिलं, ‘यंत्र धुतलेलं नव्हतं. मी ते फक्त पुसलं होतं. बाळ त्यामुळेच गेलं का, मला सांगता येत नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही, कारण भ्यालो.’ खाली माझं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता घातला.

निघताना मुलीचा ताप पाहिला. नव्हता. अजून पंचावन्न दिवस बाकी होते.

लिफाफा सोडला, तरी बोटं टपालपेटीच्या तोंडात तशीच राहिली. मागे एक बाई हातात पत्र घेऊन थांबल्या होत्या.

“काका, झालं का टाकून?”

“झालं,” म्हणालो, आणि बाजूला झालो.