दगडखाणीतला रविवार

गेल्या वर्षीचा कार्यक्रम संपला तेव्हा सगळ्यांनी वहिनीचं तोंड भरून कौतुक केलं होतं. जखमी होऊन घरी आलेल्या सैनिकांसाठी तिनं जीप क्लबला हाताशी धरून गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत ऑफरोड फेऱ्यांचा दिवस भरवला होता. क्लबातले हौशी लोक जीप चालवायचे, सैनिक शेजारी बसायचे, आणि गाडी धोंड्यांवरून आदळत, चिखल उडवत खाणीला वळसा घालून यायची. बघ्यांच्या देणग्यांतून पुनर्वसन केंद्राला व्यायामाची नवी यंत्रं मिळाली. भाषणं झाली, फोटो झाले. घरी येताना मात्र तिचा धाकटा दीर मागच्या सीटवर तोंड पाडून बसला होता.

"काय भाऊजी, मजा नाही आली?"

"आली की. मला उचललं, गाडीत ठेवलं, फिरवलं, परत उचललं, खुर्चीत ठेवलं. पार्सलला येते तेवढी मजा आली."



भाऊजींचे दोन्ही पाय सुरुंगाच्या स्फोटात गुडघ्याखाली गेले होते. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा ते शाळेत होते, आणि पुढे तिच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकले होते. वहिनीचं अर्धं आयुष्य लोकांना क्लच हळू सोडायला शिकवण्यात गेलेलं. गावातले आजोबासुद्धा तिला वहिनीच म्हणत. पण इतक्या शिष्यांत भाऊजींसारखा हात तिनं पाहिला नव्हता, आणि इतका आगाऊपणाही. तोच माणूस आता स्टिअरिंगकडे पाठ करून बसायचा.

या वर्षी तिनं जीप क्लबच्या बैठकीत सरळ सांगून टाकलं, "गाडी सैनिक चालवतील. तुम्ही शेजारी बसा."

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्याला भूल दिल्याशिवाय कशालाच हात न लावणारा माणूस. ते चपापले. "अहो वहिनी, उद्या कुणाला काही झालं तर?"

"काय व्हायचं ते त्यांचं होऊन गेलंय, डॉक्टर. आता त्यांना चिखलाची भीती घालताय होय?"

शेवटी हेल्मेट, पट्टे, रुग्णवाहिका आणि सगळ्यात खालचा गिअर एवढ्या अटींवर अध्यक्ष राजी झाले. वहिनीच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. आपोआप गिअर बदलणारी एक जुनी जीप घेऊन त्यानं स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा वेल्ड केला. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर. पायांचं काम नाही. पुढच्या बंपरला अडकलेली गाडी ओढायचं विंच बसवलं. सगळं झाल्यावर त्यानं भावाला हाक मारली. भाऊजींनी चाकाच्या खुर्चीतून जीपभोवती एक चक्कर मारली, दांड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वेल्डिंग झकास झालंय, दादा." मग खुर्ची वळवून घरात निघून गेले.

वहिनी तरातरा मागे गेली. एरवी ती त्यांना अहोजाहो करायची, पण त्या दिवशी तोल गेला. "तुझ्यासाठी तुझा भाऊ सुट्टीच्या दिवशी ठिणग्या खात बसला, आणि तू नुसतं बघून येतोस?"

"बसलो आणि जमलं नाही तर, वहिनी? तेही सगळ्यांसमोर?" भाऊजी शांतपणे म्हणाले. "मी माइकवर बोलेन. तेवढं जमेल."

त्यावर तिनंही जास्त ताणलं नाही.

रविवार उजाडला तो वाऱ्यावर फडफडणाऱ्या झेंड्यांचा. खाणीच्या काठावर हीऽ गर्दी! लहान पोरं बापाच्या खांद्यावर, पुनर्वसन केंद्रातल्या नर्सबाया टोप्या घालून पहिल्या रांगेत, आणि तंबूच्या पुढ्यात डोक्याला माइक अडकवून भाऊजी. माइक मिळाल्यावर त्यांची जीभ अशी सुटली की विचारू नका. 

पहिला मान तोफखान्याचा. हा भाऊजींचा मित्र तोफदलातला, म्हणून नाव तोफखाना. एक हात गेलेला, आवाज मात्र शाबूत. क्लबच्या एका जीपच्या स्टिअरिंगला बसवलेली मूठ एका हातानं गरागरा फिरवत तो धोंड्यांवरून गेला, उतारावरून घसरला, तळाच्या चिखलातून फवारे उडवत निघाला आणि समोरचा उभा चढ चढून वर आला तेव्हा मिशांपर्यंत माखला होता. "परत! परत जाणार!" तो ओरडत होता. लोकांनी टाळ्यांनी खाण दणाणून सोडली.

मग घोळ झाला. कॅप्टनबाई अध्यक्षांसोबत बसून फेरी मारणार होत्या. स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती, त्यामुळे त्यांनी चालवायचा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नव्हता. त्यांना घ्यायला येतानाच अध्यक्षांच्या जीपनं खाणीच्या पार पलीकडच्या टोकाला धाडकन आवाज केला आणि मान टाकली. एक्सल तुटला. क्लबची ओढगाडी त्यांच्या मदतीला गेली.

वहिनी कॅप्टनबाईंपाशी धावली. "थोडं थांबावं लागेल हो. दुसऱ्या कुणाला तरी बोलावते."

"कशाला? तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलची जीप उभी आहे ना इथं? शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो ती?" कॅप्टनबाईंनी काळा चष्मा काढून खिशात टाकला आणि हेल्मेट चढवलं. "मी चालवते. तुम्ही बोला."

"कॅप्टन, अहो..."

"घड्याळातले आकडे सांगा. बारा म्हणजे सरळ, तीन म्हणजे उजवीकडे, नऊ म्हणजे डावीकडे. डोळे जायच्या आधी मी डोंगरात हेच करत होते."

वहिनीनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी माइकवरूनच सांगून टाकलं, "मंडळी, आता कॅप्टन गाडी चालवणार आहेत, आणि आमच्या वहिनी शिकाऊ म्हणून शेजारी बसणार आहेत!" आता माघार कसली घेताय! वहिनी बसली.

"एक. बारा. अकरा, अकरा... बारा. हळू, पुढे धोंडा." कॅप्टनबाईंचे हात सुतारानं रंधा धरावा तसे स्टिअरिंगवर स्थिर होते. गाडी धोंड्यावर चढली, कलली, उतरली.  उतार आला. वहिनीचे आकडे थांबले नाहीत. कॅप्टनबाई चक्क हसत होत्या. "अजून! वहिनी, अजून सांगा!"

गाडी तळाच्या चिखलात शिरली. वेग हवा तेवढा होता. पण बाजूनं चिखलाची एक लाट बॉनेटवर आली आणि वहिनीच्या पायानं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, ब्रेक दाबला. झालं. गाडी जागच्या जागी रुतली.

"वहिनी," कॅप्टनबाई म्हणाल्या, "हा ब्रेक तुमचा होता ना?"

"माझाच. घाबरले हो मी!" वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाकं फिरली तशी गाडी आणखी खाली बसली. ओढगाडी पलीकडे अध्यक्षांच्या जीपमध्ये गुंतलेली. काठावर जवळ होती ती एकच विंचवाली जीप. नवरा तिच्या दिशेनं पळतच होता, पण त्याच्या आधी भाऊजींची खुर्ची तिथं पोहोचली होती. त्यांनी दाराची चौकट धरली, दोन्ही दंडांवर अंग तोललं आणि स्वतःला सीटवर फेकलं. तोफखाना पलीकडच्या दारानं आत. माइक भाऊजींच्या डोक्यावर तसाच राहिलेला, त्यामुळे पुढचं सगळं अख्ख्या खाणीनं कर्ण्यांवर ऐकलं.

"दादा, ब्रेक पुढे का मागे?"

"पुढे ढकल, ब्रेक! मागे ओढ, ॲक्सिलरेटर!" नवरा बोंबलला.

"हा काय... आई गंऽ! मागे, मागे! हां, कळलं! तोफखान्या, धरून बस!"

हातांनी चालणारी ती जीप धोंड्यांवरून उड्या मारत निघाली. चिखलात वहिनी आरशातून बघत होती. गाडी आधी वेडीवाकडी आली, मग एका वळणाला सरळ झाली आणि उताराला लागली तेव्हा तो हात तिनं ओळखला. तोच हात, तोच आगाऊपणा! तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून शिवी. "अरे हळू, मेल्या!"

"वहिनी, तू बोलूच नको! चिखलात ब्रेक कोण मारतं?" कर्णे गरजले. काठावर हशा पिकला.

भाऊजींनी चिखलाला वळसा घालून चढाच्या पायथ्याशी, कोरड्या जागी जीप लावली. तोफखान्यानं एका हातानं विंचचा दोर ओढत आणला, गुडघाभर चिखलात वाकून हूक अडकवला. दोर ताणला. गाडी हलली, पुन्हा बसली.

"थांबा!" कॅप्टनबाई कान देऊन ऐकत होत्या. "माझ्या बाजूचं मागचं चाक मोकळं फिरतंय. बाकीची धरताहेत. त्याच्याखाली काहीतरी घाला."

वहिनीनं पायाखालचं रबरी पायपुसणं उपसलं आणि तोफखान्याकडे फेकलं. त्यानं ते चाकाखाली कोंबलं. भाऊजींनी विंच सुरू केलं, कॅप्टनबाईंनी अलगद ॲक्सिलरेटर दिला, आणि 'सळ्ळक' असा आवाज करत चिखलानं गाडी सोडली.

आता राहिला चढ. तोफखान्यानं दोर सोडवला आणि भाऊजींनी जीप बाजूला घेतली. "कॅप्टन, आधी तुम्ही!"

कॅप्टनबाई थांबल्या. "वहिनी, तुमचे पाय कुठं आहेत?"

वहिनीनं क्षणभर पायाखालच्या ब्रेककडे पाहिलं. मग दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी ठोकली. "मांडीत आहेत. चला! बारा! बाराच बारा!"

इंजिन गरजलं. समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं. दगड मागे उडत होते, वहिनी "बारा, बारा" ओरडत होती, आणि मग अचानक आभाळाच्या जागी माणसं दिसली. शेकडो हात हवेत. कॅप्टनबाईंनी गाडी थांबवली आणि दोन्ही मुठी वर केल्या. पाठोपाठ भाऊजी वर आले, तेही हॉर्न दाबूनच.

नंतर काय झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. नर्सबायांपैकी एक जण भाऊजींच्या जीपपाशी गेली आणि म्हणाली, "मला न्याल का एक फेरी? देणगी देते." बस्स. बघता बघता रांग लागली. कॅप्टनबाईंच्या जीपला वेगळी रांग, तोफखान्याच्या जीपला तिसरी. देणग्यांची पेटी भरली, तर कुणीतरी हेल्मेट उलटं करून फिरवायला लागलं. पुनर्वसन केंद्राला पाण्यातल्या व्यायामासाठी हौद हवा होता. तो आता होणार, हे दुपारीच सगळ्यांना कळून चुकलं.

अध्यक्षसुद्धा भाऊजींच्या रांगेत उभे होते. पाळी आली तसे जरा बिचकत म्हणाले, "हळू न्याल ना?"

"डॉक्टर," भाऊजी पट्टा आवळत म्हणाले, "तोंड उघडं ठेवू नका. चिखल जातो."

आणि गेले.

वहिनी चिखलानं माखलेली, तंबूच्या खांबाला टेकून बघत राहिली. नवऱ्यानं तिच्या हातात चहाचा कप दिला. "बस जरा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

तिनं कप तोंडाला लावला तेवढ्यात कर्णे पुन्हा खरखरले. "वहिनीऽ! पेट्रोल संपत आलंय, रांग संपत नाहीये! डबा पाठव!"

वहिनीनं कप नवऱ्याच्या हातात कोंबला, पदर खोचला आणि पेट्रोलचा डबा उचलून उताराच्या दिशेनं पळत सुटली.