मी मोठा ॲम्प्लिफायर आणि खुर्चीवरचा तो धाकटा

ज्या वर्षी तिहोमिर आणि वुकित्सा यांचे लग्न झाले, त्याच वर्षी, म्हणजे १९७८ साली, मी त्यांच्या घरी आलो. मित्रांनो, मी गिटारचा जुना ॲम्प्लिफायर आहे. आता तळघरात असतो, आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी. माझी कहाणी सांगतो, पण आधीच कबूल करतो की तिच्यात फुशारकी थोडी आणि जळफळाट फार आहे.

झ्रेन्यानिन गावात इश्तवान मास्तर रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी मला हाताने घडवले. अक्रोडाच्या मोडक्या कपाटाच्या फळ्या, त्यांवर काळे रेक्झिन, पोटात चार मोठे व्हॉल्व्ह, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्या, आणि दोन रुंद स्पीकर. मला उचलायला दोन माणसे लागत. तिहोमिर मला न्यायला आला तेव्हा मास्तर म्हणाले, "हा हॉलसाठी आहे. घरात लावलास तर बायको माहेरी जाईल."

दर शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच असे. तिहोमिर गिटार वाजवी, त्याचा मित्र ओब्राद ड्रम वाजवी आणि मी दोनशे माणसांना नाचवी. हॉल भरला की खालचे सूर माणसांच्या अंगात मुरतात, म्हणून बास वाढवावा लागतो. हे तिहोमिरला स्टेजवरून कळत नसे. वुकित्सा मागे कोट ठेवायच्या खोलीच्या दाराशी उभी राही आणि हाताने खुणा करी. तळवा वर, बास वाढव. तळवा खाली, वरचे सूर टोचताहेत, ट्रेबल कमी कर. एकदा आवाज अगदी मनासारखा लागला, तेव्हा ती स्टेजवर आली आणि पर्समधून नेलपॉलिश काढून तिने माझ्या प्रत्येक बटणाशी एकेक लाल ठिपका दिला. बास सातवर, ट्रेबल पाचवर, व्हॉल्यूम सहावर.

"आता याला हात लावशील तर बघ," ती तिहोमिरला म्हणाली. मला ती 'बैल' म्हणे, पण प्रेमाने.

गावात दुसऱ्या कुठल्याही ॲम्प्लिफायरला असे ठिपके नव्हते. त्यांचा मला फार गर्व होता.

पुढे बँड मोडला. लेक दुन्या मोठी होऊन नोव्ही साद शहरात नोकरीला गेली. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिहोमिरने मला चौथ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवले. आणि तिथे त्याने एक चूक केली. त्याने माझी बटणे त्या लाल ठिपक्यांवरच लावली. हॉलचे माप खोलीत. पहिल्याच झंकाराला काचेच्या कपाटातले पेले किणकिणले, बास कोपऱ्यात शिरून घुमू लागला आणि खालून कुणीतरी गरम पाण्याच्या पाइपावर चमच्याने ठणठण केली.

पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे मिलुतिन सपाता घालून दारात उभे.

"काय हो तिहोमिर, दुपारची झोपायची वेळ आहे. खाली माझं झुंबर नाचतंय. इतक्या वर्षांत आमच्या घरात नाचणारं ते पहिलंच."

"आत या, कॉफी घ्या."

"कॉफी घेतो. पण त्या रणगाड्याचं काहीतरी करा."

तिहोमिरने व्हॉल्यूम एकवर आणला. पण मित्रांनो, एकवर माझे व्हॉल्व्ह नुसते डोळे किलकिले करतात. तोंडावर उशी ठेवून बोलावे तसा माझा आवाज येऊ लागला. त्याने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले, एकदा तर माझ्यावर रजई घातली. इतका अपमान माझा कधीच झाला नव्हता.

त्यातच वुकित्साचे हृदय थकले. डॉक्टरांनी जिने चढण्या-उतरण्यावर बंदी घातली. ती दिवसभर त्याच खोलीतल्या सोफ्यावर पडून असे. मोठा आवाज झाला की तिची छाती धडधडे आणि ती भिंत धरत धरत आतल्या खोलीत जाई. तिहोमिरची इच्छा एकच होती. तिच्याजवळ बसून वाजवावे आणि तिने उठून जाऊ नये. तिच्यापाशी किती दिवस उरले होते, कुणाला ठाऊक. माझ्याकडून ते होत नव्हते.

२०१८ च्या सप्टेंबरात, घरोघरी हिवाळ्यासाठी मिरच्या भाजून ठेवण्याच्या दिवसांत, दुन्या नोव्ही सादहून तीन लहान ॲम्प्लिफायर घेऊन आली. दुकानदार ओळखीचा होता. आवडेल तो ठेवा, बाकीचे परत करा, असे ठरले होते. मी कोपऱ्यातून डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

पहिल्याला छोटा पडदा होता आणि त्यात शंभर तऱ्हेचे आवाज होते. तिहोमिर चष्मा लावून अर्धा तास नुसता वाचतच बसला.

"बाबा, वाजवा ना," दुन्या म्हणाली.

"थांब, अजून सूचनाच चालल्यात."

तो बाद झाला. मी सुखावलो. दुसरा आवाजाला माझ्यासारखाच होता, पण माझ्यासारखाच मोठ्या आवाजावर खुलणारा. तोही बाद झाला. मी आणखी सुखावलो. तिसरा मात्र डबलरोटीएवढा, एका हाताने उचलता येणारा. मी म्हटले, हा काय गाणार.

तिहोमिरने तो जमिनीवर, माझ्याच कोपऱ्यात ठेवला. आवाज पिंपातून आल्यासारखा घुमला. सोफ्यावरून वुकित्सा म्हणाली, "कोपऱ्यातून काढ त्याला. खुर्चीवर ठेव. गुडघ्यांना ऐकवतोस की मला?"

तिहोमिरने त्याला खुर्चीवर ठेवले. मग तिने पडल्या पडल्या, पूर्वीसारखेच, हाताने खुणा केल्या. आधी सगळी बटणे मध्यावर. मग बास कमी, आणखी कमी, तीनपर्यंत. मधले सूर थोडे वर. ट्रेबल चारवर.

"आता माझ्याशी बोल," ती म्हणाली. "वाजवत वाजवतच बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मिरच्यांना आज किती मीठ घातलंस ते सांग."

"विसरलो घालायला."

ती हसली. "ऐकू आलं. इथेच राहू दे."

बोलणे झाकले जाणार नाही इतपत आवाज, आणि तरीही तो धाकटा मोकळ्या गळ्याने गात होता. ते मला एकवर कधीच जमले नव्हते. मग वुकित्साने दुन्याला ड्रॉवरमधून नेलपॉलिश आणायला सांगितले आणि त्या डबलरोटीला ठिपके दिले.

मित्रांनो, त्या दिवशी माझे व्हॉल्व्ह थंड होते, तरी मी आतून जळालो. मला वाटले, पडावा तो खुर्चीवरून.

डिसेंबरात त्यांच्या घराण्याच्या संताचा सण आला. पाहुणे जमले. ब्रँडीचे दोन पेले पोटात गेल्यावर आमचा जुना ड्रमवाला ओब्राद म्हणाला, "हे खेळणं बाजूला कर रे. म्हाताऱ्याला सुरू कर."

तिहोमिरने मला सुरू केले. मी वर्षभराचे साठवलेले सगळे ओतले. पेले किणकिणले, पाहुण्यांनी टेबलावर थापा मारल्या, खालून पाइप वाजला. मी मनात म्हटले, बघ रे धाकट्या. एवढ्यात वुकित्सा उठली, भिंत धरत आत गेली आणि तिने दार लावून घेतले. तिहोमिरची बोटे तारांवरच थांबली. पण मी मात्र खूश होतो. लाज वाटते, पण खरे तेच सांगतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाहेर बर्फ होते. तिहोमिर त्या धाकट्यावर आमच्या हॉलमधली जुनी नाचाची धून हळू वाजवत होता. अर्ध्यावर वुकित्सा गाऊ लागली. बारीक, जरा घोगरा, पण सुरात अगदी नेमका आवाज. शब्द एकही चुकला नाही. तिहोमिर वाजवत राहिला आणि धून संपल्यावर म्हणाला, "तुला हे सगळं येतं?"

"चाळीस वर्षं येतंय. दर शनिवारी म्हणत होते, तिथे दाराशी उभी राहून."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या त्या बैलापुढे कुणाला ऐकू जाणार होतं?"

तिहोमिरने ती धून पहिल्यापासून पुन्हा धरली.

मित्रांनो, चाळीस वर्षे मी त्यांच्यासोबत होतो आणि वुकित्सा गाते हे मला ठाऊक नव्हते. मी दोनशे माणसांना नाचवले आणि त्यांतल्या एकीचा आवाज दर शनिवारी गिळून टाकला. त्या सकाळी मी धाकट्यावर आणखी जळलो, कारण तो तिचा सोबती झाला होता. पण तो खुर्चीवरून पडावा, असे मात्र मला पुन्हा कधी वाटले नाही.

उन्हाळ्यात त्यांनी मला तळघरात आणले. दुन्या आली की मला थोडा वेळ सुरू करते, म्हणून माझे व्हॉल्व्ह शाबूत आहेत. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला ओल लागू देऊ नका आणि अधूनमधून मोकळ्या हॉलमध्ये नेऊन गाऊ द्या. घरासाठी मात्र घरात मावेल असाच निवडा. बटणे लावताना खोलीत आणखी कोण बसले आहे ते आधी बघा आणि त्याला बोलायला सांगा.

वुकित्साने सबंध वसंत आणि उन्हाळा गाणी म्हटली. कधी पूर्ण, कधी दोन ओळी. ती २०१९ सालच्या नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, सोमवारी सकाळी, त्याच सोफ्यावर वारली.